जुना लाकडी देव्हारा: पायापासून कळसापर्यंतची दुरुस्ती

गावचं घर विकलं किंवा वाटण्या झाल्या की पितळी हंडे आणि तांब्याचे बंब कोणी न्यायचे यावर वाद होतात. देव्हारा मात्र माळ्यावर तसाच राहतो. मग घरातलं कोणीतरी मनावर घेऊन तो पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणतं. पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी, हळदीकुंकवाची पुटं, खालून कुजलेली बैठक, एक खांब गायब आणि कळस कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. यानंतर सहसा ओळखीच्या पॉलिशवाल्याला फोन जातो. तो मशीन फिरवून सगळं पांढरंफटक होईपर्यंत घासतो, वर मेलामाइनचे दोन-तीन हात मारतो आणि दुकानातल्या नव्या मालासारखा चकचकीत देव्हारा आणून देतो. नक्षीच्या कडा बोथट झालेल्या असतात, पाकळ्यांमधल्या खाचा मेलामाइनने भरलेल्या असतात, आणि यातलं काहीही नंतर परत आणता येत नाही.

हे काम घरी, सावकाश आणि कमी खर्चात होतं. फक्त क्रम पाळायला हवा. देव्हारा म्हणजे रचनेने एक छोटी इमारतच. त्याला जोतं आहे, खांब, तुळया, कमानी आणि छप्पर आहे. वजन वरून खाली उतरतं, ओल खालून वर चढते. म्हणून सफाई वरून खाली करायची, दुरुस्ती खालून वर करायची आणि पॉलिशचा विचार सगळ्यात शेवटी. बऱ्याच देव्हाऱ्यांना पॉलिश लागतच नाही, असं माझं मत आहे. घाण गेली की जुनं पॉलिश खाली शाबूत सापडतं.

आधी नीट बघा

हात लावण्याआधी एक अख्खी संध्याकाळ नुसतं बघण्यात घालवा. आपल्याकडच्या जुन्या देव्हाऱ्यांची गंमत ही, की सुताराने जे जे पाहिलं ते ते त्यात घातलेलं असतं. खांब सुरूचे, म्हणजे बुडाशी कमळाच्या पाकळ्या, मग फुगवटा आणि वर निमुळते होत गेलेले. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूला (वाडा १८०७ चा) तसेच खांब दिसतात. दोन खांबांमध्ये महिरपी कमान, कमानीच्या टोकांना लोंबणारी केळफुलं, सज्ज्याखाली आधाराला नक्षीदार हस्त, हे सगळं वाड्यातून आलं. वर देवळाचं शिखर किंवा बंगाली पद्धतीचं वाकलेलं छप्पर. आणि मध्येच बाजूच्या फळीत एक टोकदार गॉथिक खिडकी! मुंबईत राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्या सुमारास शहरभर असल्या कमानी उभ्या राहत होत्या, आणि तिथे कामाला जाऊन आलेल्या सुताराच्या हातात ती कमान बसली असेल तर नवल नाही. अशी खिडकी, रंगीत काचेची तावदानं किंवा घड्याळाच्या मनोऱ्यासारखं शिखर दिसलं, तर देव्हारा बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. या सरमिसळीची लाज वाटून ती ‘दुरुस्त’ करू नका. गॉथिक खिडकीच्या जागी ओमची जाळी बसवलेले देव्हारे मी पाहिले आहेत, आणि वाईट वाटतं.

मग लाकूड ओळखा. सागवान मधाळ तपकिरी, धारा (लाकडातल्या रेषा) सरळ, न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडलं तर तेलकट, चामड्यासारखा वास. शिसव जांभळट काळपट आणि उचलताना चटकन कळेल इतकं जड. कोकणात फणसाचे देव्हारे पुष्कळ. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षांनुवर्षांत गडद होत जातं, त्यामुळे वरून सागासारखं दिसतं. बुडाला किंवा खणाच्या आत पिवळी झाक दिसली की ओळख पटली. शिवणीचं लाकूड फिकट, हलकं आणि कोरायला मऊ. एकाच देव्हाऱ्यात दोन-तीन लाकडं असणं नेहमीचं: दर्शनी भाग सागाचा आणि पाठच्या फळ्या आंब्याच्या. कीड लागते ती आधी या पाठच्या फळ्यांना.

देव्हारा घरातला नसून बाजारातून घेत असाल, मुंबईच्या चोरबाजारातून, ओशिवऱ्यातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून, तर आधी पाठ आणि बूड पाहा. पुढून काळवंडलेला आणि मागून ताज्या रंधलेल्या फळ्यांचा असेल तर तो जुन्या तुकड्यांची जुळवाजुळव आहे. दाराची महिरप आणि पलंगाचे खांब एकत्र आणून केलेले देव्हारेही मिळतात. दिसायला छान असतात. फक्त किंमत त्या हिशेबाने द्या.

देव हलवणं आणि देव्हारा सोडवणं

देव आधी पाटावर किंवा चौरंगावर हलवा. त्याचे विधी घराघरांत वेगळे. कोणी गुरुजींना विचारतं, कोणी अक्षता टाकून नमस्कार करून उचलतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा, एवढंच म्हणेन. काम अर्धवट असताना ‘देवाला कुठे बसवून ठेवलंयस?’ असा फोन आला की घाई होते, आणि घाईत कमानी तुटतात.

मोबाइलने चारही बाजूंचे, वरचे, खालचे आणि प्रत्येक सांध्याचे जवळून फोटो काढा. फोटोत फूटपट्टी ठेवा. मग सुट्या होणाऱ्या भागांना सुतळीने चिठ्ठ्या बांधा. चिकटपट्टी लाकडाला लावू नका, सोडवताना ती पॉलिश ओढून काढते.

सोडवणं वरून सुरू. कळस बहुतेक वेळा नुसत्या खुंटीवर बसवलेला असतो. सरळ वर उचला, पिळू नका. शिखर किंवा घुमटी खाली चार खुंट्यांवर असते. त्याखालची दर्शनी महिरप खांबांच्या खाचेत वरून सरकवलेली असते. खांब खाली बैठकीत आणि वर तुळईत कुसाने (टोकाला तासलेल्या, खाचेत बसणाऱ्या जिभेने) बसलेले असतात, आणि त्या कुसाला आरपार लाकडी मेख असते. मेखेचं गोल किंवा चौकोनी तोंड दिसतं का ते तिरका उजेड टाकून शोधा. एक टोक किंचित बारीक असतं, त्या बाजूने लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका, म्हणजे ती निघते. जोर लावावा लागला तर थांबा. कुठेतरी दुसरी मेख आहे, किंवा मागच्या दुरुस्तीत कोणीतरी खिळा मारला आहे.

खांब बाहेर आला की त्याच्या बुडाला पाहा. पटाशीने मारलेल्या एक, दोन, तीन, चार अशा तिरक्या रेघा सापडण्याची बरीच शक्यता आहे, आणि बैठकीतल्या खाचेजवळ त्याच रेघा. प्रत्येक सांधा हाताने बेतलेला असल्यामुळे पहिल्या क्रमांकाचा खांब तिसऱ्या खाचेत बसत नाही. या खुणांचा फोटो घ्या आणि त्यांच्यावरून पॉलिश पेपर कधीही फिरवू नका.

सगळाच देव्हारा सोडवायची गरज नसते. जे सांधे घट्ट आहेत ते तसेच ठेवा. हलणारेच सोडवा.

कीड जिवंत आहे का मेलेली?

भोकं दिसली की लोक घाबरतात. भोकं म्हणजे किडे बाहेर पडल्याच्या जागा, त्या पन्नास वर्षांपूर्वीच्याही असू शकतात. देव्हारा काळ्या कागदावर ठेवा, ब्रशने झाडून घ्या आणि पंधरा दिवसांनी पाहा. पावडरीसारखा बारीक भुसा पडला असेल तर लाकूड पोखरणारे भुंगे जिवंत आहेत. खसखशीएवढे, भिंगातून पाहिले तर सहा कडांचे दाणे पडले असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती जमिनीतली वाळवी, आणि मग प्रश्न देव्हाऱ्याचा नाही, भिंतीचा आहे. आधी घराची ट्रीटमेंट करून घ्या.

सागाचा गाभा सहसा कीड खात नाही. कडेचं फिकट, पांढरट लाकूड मात्र खाते. त्यामुळे नुकसान पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं.

लहान भागांवर (कळस, केळफुलं, जाळ्या, खणाची फळी) सगळ्यात साधा आणि औषधाविना उपाय म्हणजे गोठवणं. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावर, साधारण एक दिवसाने उघडा, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं. रंगवलेले किंवा वर्ख लावलेले भाग मात्र फ्रीझरमध्ये नकोत.

मोठ्या भागांसाठी बोरॅक्स-बोरिक द्रावण: एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड. ते फक्त उघड्या लाकडात मुरतं, पॉलिशमधून आत जात नाही. म्हणून बूड, पाठ आणि सांध्यांच्या आतल्या बाजू अशा ठिकाणी ब्रशने लावायचं आणि भोकांत सिरिंजने सोडायचं. हातमोजे घाला. रॉकेल चोळायचा जुना सल्ला मात्र विसरा. वास जात नाही, परिणाम टिकत नाही आणि शेवटी याच लाकडाशेजारी आपण निरांजन लावणार आहोत.

सफाई: इथे वेळ द्या

देव्हाऱ्यावरची घाण बाकीच्या फर्निचरवरच्या घाणीपेक्षा वेगळी. तिच्यात चार गोष्टी असतात आणि चारहींना वेगवेगळी वागणूक लागते: सुटी धूळ, तेल-तुपाचा थर आणि त्यात बसलेली काजळी, हळदीकुंकू, आणि शेंदूर.

धूळ आधी, कोरडी. मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश एका हातात आणि व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात. नळीच्या तोंडाला मलमल बांधा, म्हणजे सुटलेला नक्षीचा तुकडा आत ओढला जाणार नाही. वरून खाली. हे पुरं होईपर्यंत ओला कपडा जवळपास नको, कारण कोरडी काजळी ओली झाली की लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसते.

मग हळदीकुंकू, तेही कोरडंच. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लाकडावरही तेच होतं; कुंकू मुळात हळद आणि चुन्यापासून याच गुणावर बनतं. बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असतात, ते पाणी किंवा स्पिरीट लागताच पसरतात आणि धारांत उतरतात. म्हणून सुटं कुंकू ब्रशने झाडा, उरलेलं पांढऱ्या प्लास्टिकच्या खोडरबराने हलकेच उचला, रबराचा चुरा झाडत राहा. यानंतर राहील तो डाग राहू द्या. हळदीचा पिवळेपणा उजेडात हळूहळू उडतो. खिडकीजवळच्या सौम्य उजेडात काही आठवडे ठेवलं तर फरक दिसतो. कडक उन्हात नको, फळ्या चिरतात.

शेंदराबद्दल सावध. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तेलात कालवून लावलेला. तो खरवडला की विषारी धूळ उडते. माझा सल्ला, तो आहे तिथे ठेवा. काढायचाच असेल तर मास्क, हातमोजे, टर्पेंटाइनने ओला करून कापसाने पुसणं आणि कापूस बंद पिशवीत टाकणं. लहान मुलं आणि गरोदर बायका त्या खोलीत नकोत. जुन्या ऑइलपेंटबद्दलही हेच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आणणारे नियम २०१६ सालचे आहेत, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही रंग शिशाचा असू शकतो असं धरूनच चाला.

आता मुख्य काम, तेलकट काजळी. कमानीच्या आतल्या बाजूला, छताला आणि समईच्या बाजूच्या खांबावर ती सगळ्यात जाड. यासाठी मिनरल टर्पेंटाइन वापरा, रंगाच्या दुकानात मिळतं. ते तेल आणि मेण विरघळवतं पण लाखेच्या जुन्या पॉलिशला धक्का लावत नाही. स्पिरीट आणि थिनर नेमकं उलट करतात, म्हणून ते सफाईला चालत नाहीत. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून बोळा करा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळा आणि लाकडावर *फिरवा*, घासू नका. पहिला बोळा काळा निघेल, दुसरा तपकिरी, तिसरा पिवळा. बोळा पिवळसर निघायला लागला की थांबा. त्याखालचा तपकिरी रंग ही घाण नसते. तो उजेडाने आणि वयाने पिकलेला लाकूड-पॉलिशचा रंग आहे, आणि जुन्या देव्हाऱ्याची सगळी शोभा त्यातच असते. जिथे तेल घट्ट चिकटून बसलं आहे तिथे टर्पेंटाइनचा कापूस ठेवून वर प्लास्टिकचा तुकडा झाका आणि दहा मिनिटांनी पुसा. खोलीत वारा खेळता हवा आणि दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको.

टर्पेंटाइनने न जाणाऱ्या धुळीसाठी मग पाणी: वाटीभर कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन-तीन थेंब, कापूस जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळलेला, आणि लगेच मागोमाग कोरडा कपडा. हळदीच्या जागा सोडून. संग्रहालयांतले संवर्धक असल्या कामाला चक्क थुंकी वापरतात. तिच्यातली विकरं (एन्झाइम) घाण सोडवतात, आणि यावरच्या पोर्तुगीज संशोधनाला २०१८ साली इग नोबेल हा गमतीशीर संशोधनाचा पुरस्कारही मिळाला. देव्हाऱ्यावर हा प्रयोग करून घरच्यांचा रोष ओढवून घ्यायचा की नाही, ते आपापलं ठरवा.

पितळी पत्रा, घुंगरं किंवा कड्या लाकडावर असताना चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. आम्ल कडेने लाकडात उतरतं आणि पावडर नक्षीत पांढरी होऊन राहते. पितळ काढता आलं तर बाहेर काढून घासा, नाहीतर मऊ कापडाने नुसतं पुसा.

दुरुस्ती

सुरुवात बैठकीपासून. अभिषेकाचं, फुलांचं, ओल्या फरशीचं पाणी वर्षानुवर्षं इथेच मुरतं, म्हणून तळाची चौकट आणि पायांची टोकं कुजलेली सापडतात. सुई टोचून पाहा: जिथे ती सहज आत जाते तेवढाच भाग कापायचा. कापताना सरळ आडवा नको, लांब तिरका काप घ्या. चिकटायला जास्त जागा मिळते. जोडीचं लाकूड त्याच जातीचं आणि जुनंच घ्या. वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या भागात आणि जवळपास प्रत्येक शहरात जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं. नवं साग पिवळट दिसतं आणि अजून आकसत असतं. धारांची दिशा जुळवा.

सागाला गोंद नीट धरत नाही, ते त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे. जोडण्याआधी दोन्ही तोंडं ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा.

कुठला गोंद, हा खरा प्रश्न. जुने सुतार सरस वापरत. तो पाण्याने-उष्णतेने परत सुटतो, म्हणून दुरुस्तीला आदर्श. पण सरस हाडं-कातड्यांपासून बनतो, आणि देव्हाऱ्यात तो नको असं अनेक घरांत म्हणतात. मला वाटतं मुख्य सांध्यांत गोंद लागतच नाही. कूस ढिलं झालं असेल तर त्याच्या गालांना सागाची पातळ पट्टी चिकटवून जाड करा, रंध्याने बेताचं करा, खाचेत हाताने दाबून बसेल इतकं, आणि नवी मेख मारा. मेख वाळलेल्या सागाची, धारेच्या दिशेने फाडलेली, करवतीने कापलेली नाही. फाडलेली मेख तुटत नाही. तुटलेल्या पाकळ्या, केळफुलांची टोकं, जाळीचे तुकडे यांना मात्र फेविकॉल चालेल, सुईच्या टोकाने लावून. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा.

लोखंडी खिळे शक्यतो काढा. ओल, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून निळसर काळा डाग पडतो, तो खिळ्याभोवती दिसेलच. खिळा निघत नसेल तर ओढून लाकूड फाडू नका, राहू द्या. नवा स्क्रू लावायची वेळ आली तर पितळी.

पाठच्या आणि बाजूच्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल असतात, त्या सैलच हव्यात. कोकणातल्या पावसाळ्यात फळी रुंद होते, विदर्भातल्या मे महिन्यात आकसते. गोंद लावून जखडली की ती चिरणारच. असलेली चीर पुटीने भरू नका. बारीक असेल तर सोडून द्या, मोठी असेल तर सागाची पाचर तासून एकाच कडेला चिकटवा.

हरवलेले भाग. खांब आणि कळस कातलेले असतात, तेव्हा कातारी शोधा. पाळणे, पलंगाचे पाय, लाटणी करणारा कातारी अजून बऱ्याच गावांत आहे. त्याला शिल्लक खांबच नेऊन द्या, फोटो नको. प्रत्येक फुगवट्याचा घेर कॅलिपरने घेतला जाईल हे बघा, आणि लांबी कुसासकट सांगा. जाळी हरवली असेल तर दुसऱ्या बाजूच्या जाळीवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या, आरशासारखा उलटा करा आणि फ्रेट सॉने कापून घ्या. सीएनसीवर, म्हणजे संगणकी यंत्रावर, कापलेली जाळी चालते, पण कडा कोरीव पटाशीने थोड्या मोडा; यंत्राची एकसारखी कड जुन्या जाळीशेजारी लगेच ओरडते. नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलने साल लिहून ठेवा. पुढच्या माणसाला कळेल की नवं काय.

आणि कळस सापडतच नसेल, नमुनाही नसेल, तर? खुंटीचं भोक मोकळं ठेवा किंवा साधा कातीव कळस बसवा. सोनेरी प्लास्टिकचा नको, इतकंच.

पॉलिश लागतंय का?

सफाईनंतर न दिसणाऱ्या जागी स्पिरीटचा एक थेंब टाका आणि मिनिटाने बोट लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. थिनरने विरघळलं आणि स्पिरीटने नाही, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर अलीकडे कोणीतरी पीयू (पॉलियुरेथेन) मारलं आहे, आणि ते काढायचा प्रयत्न घरी करू नका.

लाखेचं असेल आणि जागोजागी झिजलं असेल तर तेवढ्याच जागी भर घाला. चपडा लाख १०० ग्रॅम एक लिटर स्पिरीटमध्ये, काचेच्या बाटलीत, रात्रभर. मधून मधून हलवायची. मलमलीतून गाळा. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण वापरू नका, ते कडक सुकत नाही. मऊ सुती कपड्यात कापूस गुंडाळून गादी करा, द्रावणात बुडवा, पिळा आणि हात न थांबवता लांब फटकाऱ्यांनी पुसत जा; थांबलात तिथे गादी चिकटते आणि खालचा थर उचलते. एक थर, तासभर विश्रांती, मग दुसरा. तीन-चार पातळ थर पुरतात. कोरीव भागात गादी पोचत नाही, तिथे मऊ ब्रश.

हवामान बघा. हवा दमट असेल तर लाख सुकताना पांढुरका धूर धरते. सगळ्यांना गणपतीच्या आधी देव्हारा तयार हवा असतो, म्हणजे नेमकं भर पावसात पॉलिश. दिवाळीनंतर काम काढा आणि गुढीपाडव्याला देव बसवा. ते चार-पाच महिने या कामासाठी उत्तम.

बाहेरच्या बाजूला हवं तर मेणाचा हात: मधमाशांचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून दूर नेऊन मगच टर्पेंटाइन मिसळा. कपड्याने अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने घासून चमकवा. आतल्या बाजूला, दिव्याजवळ मेण नको. उष्णतेने मऊ होऊन काजळी धरतं. खोबरेल चोळल्याने चमक येते खरी, पण ते सुकत नाही, खवट होतं आणि धूळ गोळा करतं. जवसाचं तेल लाकूड काळपट करतं, आणि त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात.

परत बसवताना

आधी बैठक आणि पातळी. मार्बलच्या ओट्यावर ठेवणार असाल तर खाली पातळ रबराचे तुकडे द्या म्हणजे बुडाला हवा लागेल. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. दोन बोटं जागा सोडा. मग खांब खुणांप्रमाणे, तुळई, महिरप, शिखर, कळस. मेखा शेवटी, सगळं कोनात बसल्यावर.

दिव्याची जागा बदला, हे या सगळ्यातलं सगळ्यात उपयोगी काम. ज्योत आणि वरचं लाकूड यांत निदान फूटभर अंतर हवं. लहान देव्हाऱ्यात ते मिळत नाही, म्हणून समई आणि निरांजन बाहेर, पितळी ताटात. लाख साधारण ७५ अंशांना मऊ पडते, आणि ज्योतीवरची कमान त्याहून कितीतरी जास्त तापते. अभिषेक ताम्हनात, देव्हाऱ्याबाहेर. आत पाट किंवा कापडाखाली तांब्याचा पातळ पत्रा घातला तर हळदीकुंकू लाकडाला लागत नाही.

देव्हारा परदेशी न्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी तपासा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय त्याहून कमी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. देव्हारा शिसवी असेल तर त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम वेगळे लागू होतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लाकडात जिवंत कीड आढळली तर वस्तू बंदरावरच अडते. हे सगळं पॅकिंगच्या आधी, विमानतळावर नव्हे.

पुढची देखभाल थोडीच: आठवड्याला कोरडा मऊ ब्रश, वर्षातून एकदा काजळीच्या जागी टर्पेंटाइनचा बोळा. श्रावणात बुरशीचा पांढरा थर दिसला तर देव्हारा बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, सावलीत पंख्याखाली दिवसभर ठेवा; स्पिरीटने पुसलंत तर लाखेचं पॉलिशही निघून येईल.